फलंदाजाच्या खात्यावर काय जमा धरावे?

अमेरिकेतील बेसबॉलमध्ये फलंदाजाची योग्यता सांगण्यासाठी सर्वाधिक काळ वापरला गेलेला आकडा म्हणजे ‘बॅटिंग अ‍ॅव्हरेज’ होय. क्रिकेटच्या सरासरीशी त्याचे नावापुरतेच साम्य आहे, कारण क्रिकेटमध्ये काढलेल्या धावांना बाद होण्याच्या संख्येने भागले जाते, तर बेसबॉलच्या या सरासरीत धावांना मुळीच स्थान नसते. फलंदाजाने मारलेल्या चेंडूवर, क्षेत्ररक्षकाची चूक न होता, त्याला निदान पहिला बेस गाठता आला तर त्यास ‘हिट’ म्हणतात. आणि फलंदाजीच्या ज्या पाळ्या हिशेबात धरल्या जातात त्यांना ‘अ‍ॅट-बॅट’ म्हणतात. हिटना अ‍ॅट-बॅटने भागून येणारा अपूर्णांक तीन दशांश स्थळांपर्यंत लिहिला जातो, पूर्णांकाच्या जागचे शून्य गाळले जाते, आणि .३०० हा आकडा उच्चारताना ‘थ्री हंड्रेड’ असाच उच्चारला जातो. दहांपैकी तीनदा यशस्वी होणारा फलंदाज या खेळात चांगला मानला जातो, हे ऐकून क्रिकेटच्या अभ्यासकास प्रथम नवल वाटते.

भागाकार शाळकरी मुलालाही जमेल असा आहे; वाद आहे तो अंशस्थानी काय घ्यावे आणि छेदस्थानी काय गाळावे याचा. पिचरने टाकलेले चार चेंडू ठरलेल्या पट्ट्याबाहेरून गेले आणि फलंदाजाने ते न खेळता सोडून दिले तर त्यास पहिला बेस फुकट मिळतो. यास औपचारिक भाषेत ‘बेस ऑन बॉल्स’ आणि बोलण्यात ‘वॉक’ म्हणतात. हा वॉक फलंदाजाच्या संयमाची कमाई मानावी, पिचरच्या नाकर्तेपणाचा परिणाम मानावा, की काही घडलेच नाही असे समजून सोडून द्यावा, या प्रश्नाला निरनिराळ्या काळी निरनिराळी उत्तरे दिली गेली. फलंदाजीच्या आकडेवारीचा इतिहास बऱ्याच अंशी या एका प्रश्नाभोवती फिरतो.

या आकडेवारीचा पाया घालणारा हेन्री चॅडविक हा इंग्लंडमधील एक्झिटर येथे १८२४ साली जन्मला, १८३७ मध्ये कुटुंबासह अमेरिकेत आला आणि न्यूयॉर्क परिसरात क्रिकेटचा वार्ताहर म्हणून नावारूपास आला. ब्रिटनमधील सार्वजनिक आरोग्य चळवळीचा प्रणेता एडविन चॅडविक हा त्याचा सावत्र भाऊ. एकाने शहरांतील रोगराईचे कोष्टक मांडले, तर दुसऱ्याने मैदानावरील कर्तबगारीचे. १८५६ मध्ये होबोकन येथील एलिझियन फील्ड्स या मैदानावर दोन क्लबांमधील चुरशीचा सामना पाहिल्यानंतर, हा खेळ अमेरिकेचा राष्ट्रीय खेळ होऊ शकेल अशी त्याची खात्री पटली, आणि क्रिकेटच्या गुणपत्रकाचा साचा त्याने बेसबॉलसाठी घडवून घेतला. सामन्याचा गोषवारा देणाऱ्या ‘बॉक्स स्कोअर’ या कोष्टकाचे ओबडधोबड रूप १८४५ च्या वृत्तपत्रांतही आढळते, परंतु त्यास शिस्त लावून ते वाचकांच्या सवयीचे करण्याचे श्रेय चॅडविककडेच जाते. १८६० पासून तो संपादित करीत असलेल्या दहा सेंटच्या वार्षिक पुस्तिकेतून या नोंदी कशा ठेवाव्यात याचे धडे घरोघरी पोहोचले. पिचरने फलंदाजास ‘स्ट्राइकआउट’ने बाद केल्याची नोंद ‘के’ या अक्षराने करण्याची आजही चालू असलेली रीत त्याचीच आहे.

चॅडविकच्या आरंभीच्या कोष्टकांत प्रत्येक खेळाडूपुढे दोनच रकाने असत, किती वेळा बाद झाला आणि किती धावा केल्या. हंगामाअखेर धावांना सामन्यांनी भागले जाई, आणि तोही भागाकार त्या काळच्या क्रिकेटच्या पद्धतीने बाकी वेगळी दाखवून लिहिला जाई. दहा सामन्यांत चौतीस धावा झाल्या तर ‘३–४’, म्हणजे प्रत्येकी तीन आणि वर चार. या पद्धतीतील दोष लवकरच जाणकारांच्या लक्षात आला. क्रिकेटमध्ये फलंदाज स्वतः मारतो आणि स्वतः धावतो, त्यामुळे धाव बव्हंशी त्याचीच असते. बेसबॉलमध्ये मात्र एकाने हिट मारून पहिला बेस गाठावा, दुसऱ्याच्या हिटवर तिसऱ्या बेसपर्यंत जावे आणि तिसऱ्याच्या हिटवर घरी, म्हणजे चौथ्या बेसवर, पोहोचून धाव पुरी करावी, असा तो सामाईक व्यवहार असतो. पाठचे दोघे दुबळे असतील तर उत्तम फलंदाजही बेसवर ताटकळत राहतो आणि त्याच्या रकान्यात शून्य पडते. १८७० नंतरच्या दोन-तीन वर्षांत, वॉशिंग्टनच्या एच. ए. डॉबसन या वाचकाने केलेल्या सूचनेनंतर, हिटना फलंदाजीच्या पाळ्यांनी भागण्याची रीत मान्य होत गेली, आणि १८७६ मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल लीगने ती अधिकृत केली. धावांचा हिशेब सोडून हिटचा हिशेब धरणे म्हणजे सहकाऱ्यांच्या गुणदोषांपासून फलंदाजास वेगळे काढणे होते. पुढील काळातील सर्व सुधारणा याच दिशेने झाल्या असे म्हणता येईल.

या सुधारणेत वॉकची मात्र परवड झाली. त्या काळी पिचरने चेंडू फलंदाजास खेळता येईल असा, हात खाली ठेवून टाकावा, अशी अपेक्षा असे. १८८७ पर्यंत चेंडू उंच हवा की खाली हे सांगण्याचाही फलंदाजास अधिकार होता. अशा खेळात वॉक ही पिचरची चूक ठरे, आणि चॅडविकचेही मत तेच होते. बेस फुकट मिळण्यासाठी १८७९ मध्ये नऊ चेंडू वाया जावे लागत, पुढे ही संख्या अधूनमधून मागेपुढे होत उतरत गेली आणि १८८९ मध्ये चारवर स्थिरावली. नॅशनल लीगच्या पहिल्या हंगामात वॉक हा अ‍ॅट-बॅट म्हणून मोजला गेला, अर्थात तो फलंदाजाच्या अपयशात जमा झाला; नंतर तो हिशेबातून वगळण्यात आला; आणि १८८७ मध्ये लंबक एकदम दुसऱ्या टोकाला जाऊन प्रत्येक वॉक हा हिट मानला गेला. त्या वर्षी सेंट लुई संघाच्या टिप ओ’नील याची सरासरी .४९२ अशी छापली गेली, जी वॉक वजा केल्यावर .४३५ उरते, शिकागोचा कॅप अ‍ॅन्सन.४२१ वरून .३४७ वर येतो. हा प्रयोग एका हंगामातच गुंडाळला गेला, पण त्याची भरपाई संशोधकांना शतकभर करावी लागली, कारण अ‍ॅन्सनने कारकिर्दीत तीन हजार हिट ओलांडले की नाही याचे उत्तर त्या एका वर्षाचा हिशेब कसा धरावा यावर, आणि कोणत्या ग्रंथावर विश्वास ठेवावा यावर, अवलंबून राहिले.

नियम स्थिर झाल्यावरही आकड्यांचे पावित्र्य अबाधित राहिले नाही, हे १९१० च्या हंगामाने दाखवून दिले. सर्वाधिक सरासरी गाठणाऱ्या खेळाडूस मोटारगाडी बक्षीस देण्याचे चाल्मर्स या मोटार कंपनीने जाहीर केले होते, आणि डेट्रॉइटचा टाय कॉब व क्लीव्हलँडचा नॅप लाजवे यांच्यात शर्यत लागली होती. कॉब हा सहकाऱ्यांतही अप्रिय होता, तर लाजवे इतका लोकप्रिय की त्याच्या संघालाच ‘नॅप्स’ म्हणत. आघाडी सुरक्षित आहे असे समजून कॉब शेवटच्या सामन्यांत खेळलाच नाही. ९ ऑक्टोबर रोजी सेंट लुई येथे क्लीव्हलँडचे एकाच दिवशी दोन सामने होते, आणि यजमान संघाचा व्यवस्थापक जॅक ओ’कॉनर याने तिसऱ्या बेसवरील रेड कॉरिडेन या नवख्या खेळाडूस नेहमीच्या जागेपासून बरेच मागे, हिरवळीवर उभे राहण्यास सांगितले. लाजवेने हे हेरले आणि बॅट नुसती अडवी धरून चेंडू जवळच टपकवण्याचा, ज्यास ‘बंट’ म्हणतात तो फटका पुन्हापुन्हा वापरून दिवसअखेर आठ हिट गोळा केले. त्याला आणखी एक हिट बहाल करावा यासाठी गुणलेखकास लालूच दाखवण्याचाही प्रयत्न झाला. ओ’कॉनर आणि त्याचा साहाय्यक यांची हकालपट्टी झाली, हे संघ ज्या अमेरिकन लीगमध्ये खेळत तिचे अध्यक्ष बॅन जॉन्सन यांनी कॉब .३८५ आणि लाजवे .३८४ असा निकाल दिला, आणि कंपनीने शहाणपणाने दोघांनाही मोटार दिली.

या प्रकरणाचा उत्तरार्ध सात दशकांनी घडला. लीगच्या जुन्या हस्तलिखित नोंदी तपासताना पीट पामर या संशोधकाच्या लक्षात आले की डेट्रॉइटचा एक सामना कॉबच्या खात्यावर दोनदा चढला होता, आणि त्यामुळे तीन अ‍ॅट-बॅट व दोन हिट जादा पडले होते. ते काढून टाकल्यास लाजवे पुढे जातो. १९८१ मध्ये ‘द स्पोर्टिंग न्यूज’ने हे प्रसिद्ध केले, परंतु बेसबॉलचे तेव्हाचे आयुक्त बोवी कून यांनी जुना निकाल बदलण्यास नकार दिला. कॉबच्या एकूण हिटची अधिकृत संख्या ४,१९१, तर संशोधकांची ४,१८९. १९८५ मध्ये पीट रोझने कॉबला मागे टाकणारा ४,१९२ वा हिट मारला तेव्हा जल्लोष अधिकृत आकड्याचाच झाला. खोट्या ठरलेल्या आकड्यालाही वहिवाटीचा हक्क प्राप्त होतो, असा हा चमत्कारिक न्याय आहे.

सरासरीवरील पहिला मूलगामी हल्ला ‘बेसबॉल मॅगझीन’चा संपादक एफ. सी. लेन याने १९१६ मध्ये चढवला. चेंडू जाऊन परत येईपर्यंत फलंदाज एक बेस गाठतो तेव्हा तो ‘सिंगल’, दोन गाठतो तेव्हा ‘डबल’, तीन गाठतो तेव्हा ‘ट्रिपल’, आणि चारही बेस पार करून घरी येतो तेव्हा ‘होम रन’ होतो. सरासरी मात्र या चौघांनाही एकाच मापाने मोजते. कोणाजवळ किती पैसे आहेत हे सांगताना नाण्यांची किंमत न पाहता नुसती नाणी मोजावीत तसा हा प्रकार आहे, असे लेनचे म्हणणे होते. त्याने उदाहरण दिले ते १९१५ च्या हंगामातील जेक डॉबर्ट आणि गॅव्ही क्रॅव्हथ यांचे. डॉबर्टची सरासरी .३०१ आणि क्रॅव्हथची .२८५, म्हणून कागदोपत्री डॉबर्ट श्रेष्ठ. पण डॉबर्टचे होम रन दोन आणि क्रॅव्हथचे चोवीस. प्रत्येक प्रकारच्या फटक्याची धावांच्या रूपाने किंमत काय याचा अदमास लेनने मांडला, आणि वॉकलाही किंमत असते हे त्याने बजावून सांगितले. संपादकीय आवेशात लिहिलेल्या या लेखांकडे लीगांनी फारसे लक्ष दिले नाही. बेब रूथने १९२० मध्ये एकट्याने ५४ होम रन मारल्यानंतर फटक्याच्या पल्ल्याकडे दुर्लक्ष करणे अशक्य झाले, आणि गाठलेल्या एकूण बेसना अ‍ॅट-बॅटने भागून मिळणारे ‘स्लगिंग पर्सेंटेज’ नॅशनल लीगने १९२३ मध्ये, अमेरिकन लीगने मात्र १९४६ मध्ये अधिकृत केले. नाव ‘पर्सेंटेज’ असले तरी हा शेकडेवारीचा आकडा नव्हे. प्रत्येक पाळीत होम रन मारणाऱ्याचे स्लगिंग ४.००० भरेल. वॉक येथेही हिशेबाबाहेरच राहिला.

सरासरी, स्लगिंग आणि वॉकही हिशेबात धरणारे तिसरे एक माप यांमधील अंतर एका हंगामावरून चांगले समजते. बॉस्टनचा टेड विल्यम्स १९४१ च्या शेवटच्या दिवशी ४४८ अ‍ॅट-बॅटमध्ये १७९ हिट, म्हणजे .३९९५५ अशा सरासरीवर होता, आणि तीन दशांश स्थळांच्या रिवाजाने ती .४०० अशीच नोंदली गेली असती. तरीही फिलाडेल्फियातील त्या दिवसाचे दोन्ही सामने तो खेळला, आठ पाळ्यांत सहा हिट मारले आणि ४५६ पैकी १८५, अर्थात .४०६ वर हंगाम संपवला. त्यानंतर अमेरिकन वा नॅशनल लीगमध्ये .४०० चा टप्पा आजवर कोणालाही गाठता आलेला नाही. त्या १८५ हिटमध्ये ११२ सिंगल, ३३ डबल, ३ ट्रिपल आणि ३७ होम रन होते. त्यांचे एकूण बेस ३३५ भरतात आणि स्लगिंग.७३५ येते. परंतु त्याने १४७ वॉकही मिळवले होते आणि तीनदा चेंडू अंगावर लागून बेस घेतला होता. हे सारे अंशात आणि छेदात मिळवले म्हणजे ६०६ पैकी ३३५ वेळा,.५५३ या प्रमाणात, तो बाद न होता बेसवर पोहोचला असे दिसते. यासच ‘ऑन-बेस पर्सेंटेज’ म्हणतात. निम्म्याहून अधिक वेळा पंचास ज्याला बाद देता आले नाही अशा फलंदाजाची ही बाजू त्या वर्षीच्या वृत्तपत्रांतील कोष्टकांतून कळण्याची सोयच नव्हती, आणि सर्वोत्तम खेळाडूचा मान सलग ५६ सामन्यांत हिट मारणाऱ्या न्यूयॉर्कच्या जो डिमॅजियोकडे गेला.

विल्यम्सला या उपेक्षेचा फटका १९५४ मध्ये आणखी थेट बसला. त्याची सरासरी .३४५ होती, परंतु सरासरीच्या अजिंक्यपदासाठी ४०० अ‍ॅट-बॅटची अट होती आणि १३६ वॉक मिळाल्यामुळे त्याच्या अ‍ॅट-बॅटची संख्या ३८६ वरच थांबली, पद गेले.३४१ सरासरीच्या बॉबी आव्हिलाकडे. ज्या कौशल्यामुळे पिचर त्याला चेंडू टाकण्यास धजत नसत, त्याच कौशल्याने त्याला स्पर्धेबाहेर ठेवले. काही वर्षांतच ही अट बदलून वॉकसह सर्व पाळ्यांच्या संख्येवर बसवण्यात आली.

वॉकला न्याय देण्याची खटपट तोपर्यंत एका संघाच्या कचेरीत चालू झाली होती. ब्रुकलिन डॉजर्सचे सूत्रधार ब्रँच रिकी यांनी १९४७ मध्ये मॉन्ट्रियलच्या अ‍ॅलन रॉथ याची पूर्णवेळ सांख्यिक म्हणून नेमणूक केली, आणि १९५४ मध्ये ‘लाइफ’ साप्ताहिकातील गाजलेल्या लेखात रिकींनी जुन्या सरासरीला बाजूस सारून बेस गाठण्याच्या प्रमाणास अग्रस्थान देणारे सूत्र मांडले. कॅनडाच्या संरक्षण खात्यात संशोधन करणाऱ्या जॉर्ज लिंडसे याने पुढचे पाऊल टाकले. त्याच्या वडिलांनी शेकडो सामने ऐकून वा पाहून केलेल्या नोंदी हाती घेऊन त्याने डावातील प्रत्येक स्थितीचा विचार केला. तीन बेस रिकामे वा भरलेले असण्याचे आठ प्रकार आणि शून्य, एक किंवा दोन फलंदाज बाद असण्याचे तीन प्रकार मिळून चोवीस स्थिती होतात. प्रत्येक स्थितीपासून डाव संपेपर्यंत सरासरीने किती धावा होतात हे काढले, की एखाद्या फटक्याने ती अपेक्षा किती वाढली हे सांगता येते. लेनने ज्याचा अदमास केला होता, त्यास १९६३ मध्ये अशा रीतीने गणिताचा आधार मिळाला. हा लेख ‘ऑपरेशन्स रिसर्च’ या विद्वत्पत्रिकेत निघाल्यामुळे खेळाच्या जगात तो कोणी वाचला नाही.

खेळाच्या चाहत्यांपर्यंत हा विचार नेला तो कॅन्सस राज्यातील डबाबंद अन्नाच्या कारखान्यात रात्रपाळीची राखण करणाऱ्या बिल जेम्स याने. १९७७ पासून तो स्वखर्चाने वार्षिक काढू लागला, आणि त्यातील त्याचे सर्वांत प्रसिद्ध सूत्र सुबोधतेत आजही मागे पडलेले नाही. हिट आणि वॉक यांची बेरीज, गुणिले एकूण बेस, भागिले अ‍ॅट-बॅट आणि वॉक यांची बेरीज. येणारे उत्तर म्हणजे त्या फलंदाजाने ‘निर्माण केलेल्या धावा’. बेसवर पोहोचणे आणि बेसवरील सहकाऱ्यांना पुढे ढकलणे या दोन कामांचा तो गुणाकार आहे. १९४१ चे आकडे त्यात घातले तर विल्यम्सच्या सुमारे १८४ आणि डिमॅजियोच्या सुमारे १५२ धावा निघतात. १९८४ मध्ये जॉन थॉर्न आणि पीट पामर यांनी ऑन-बेस व स्लगिंग यांची सरळ बेरीज, म्हणजे ‘ओपीएस’, लोकप्रिय केली. छेद वेगळे असलेले दोन अपूर्णांक बेधडक मिळवणारी ही रीत गणितज्ञास खटकावी अशीच आहे, तथापि संघाच्या धावांशी तिचा मेळ चांगला बसतो. ऑन-बेस पर्सेंटेज त्याच वर्षी अधिकृत आकड्यांत सामील झाले. ओकलंड संघाने पुढे या मापावरून स्वस्तात खेळाडू मिळवले आणि २००२ मध्ये १०३ सामने जिंकले, ही हकीकत मायकल लुईस यांच्या ‘मनीबॉल’मुळे सर्वपरिचित आहे.

कोणतेही माप काळाच्या संदर्भावाचून वाचता येत नाही, हेही अभ्यासकांनी दाखवून दिले. १९३० मध्ये बिल टेरीने .४०१ गाठले तेव्हा त्याच्या संपूर्ण लीगची सरासरीच .३०३ होती, १९६८ मध्ये अमेरिकन लीगची सरासरी.२३० वर घसरली आणि कार्ल यास्ट्रझेम्स्की .३०१ वर अजिंक्य ठरला, ज्यानंतर पिचरचा उंचवटा पंधरा इंचांवरून दहा इंचांवर आणावा लागला. .४०० चा फलंदाज का नाहीसा झाला याचे जीवशास्त्रज्ञ स्टीफन जे गूल्ड यांनी दिलेले उत्तर तर सर्वांत विचारप्रवर्तक आहे. खेळाचा दर्जा एकंदर उंचावला म्हणजे उत्तम आणि सामान्य यांच्यातील अंतर आक्रसते, आणि सरासरीपासून फार दूर जाणारे खेळाडू दुर्मीळ होतात, म्हणजे.४०० चे नाहीसे होणे हे ऱ्हासाचे नव्हे, तर प्रगतीचे चिन्ह आहे.

अलीकडची मोठी दुरुस्ती मात्र सूत्रातील नसून खाती कोणाची ठेवावीत यासंबंधीची आहे. कृष्णवर्णीय खेळाडूंना प्रमुख लीगांत १९४७ पर्यंत मज्जाव होता आणि ते स्वतःच्या निग्रो लीगांत खेळत. १९२० ते १९४८ या काळातील अशा सात लीगांना २०२० च्या अखेरीस प्रमुख लीगांचा दर्जा देण्यात आला, आणि मे २०२४ मध्ये त्यांचे आकडे अधिकृत नोंदींत मिसळण्यात आले. त्यायोगे कॉबच्या .३६७ ला मागे टाकून जॉश गिब्सन .३७२ सह कारकिर्दीच्या सरासरीत प्रथम आला, आणि १९४३ मधील त्याचे .४६६ हे एका हंगामाचे सर्वोच्च ठरले. हे लीग सामने थोडे असत, त्यांच्याबाहेर गावोगाव खेळलेले असंख्य सामने मोजले गेले नाहीत, अशी तक्रार हा बदल मानणाऱ्या व न मानणाऱ्या दोन्ही बाजूंनी होते आणि ती खरीही आहे. संशोधकांनी हे आकडे जुन्या वृत्तपत्रांतील, विशेषतः कृष्णवर्णीयांच्या साप्ताहिकांतील बॉक्स स्कोअर शोधून जुळवले. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे कोष्टकात प्रत्येक फलंदाजापुढे अ‍ॅट-बॅट, धावा आणि हिट एवढेच असत. वॉक तळाशी, तेही छापले गेले तर, पिचरच्या नावे एकत्रित दिले जात. यामुळे गिब्सनचे अनेक सामन्यांतील हिट नेमके सांगता येतात, पण त्याच सामन्यांत त्याला किती वॉक मिळाले याचा कित्येकदा अंदाजच करावा लागतो.